खोडी आणि लागण

कॉम्प्युटर व्हायरस म्हणजे स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये घालणारा प्रोग्रॅम. आणि ती प्रत चालली की तिनेही पुढच्या प्रती काढल्या पाहिजेत. हा एक गुण असला की तो व्हायरस. तो नसला, तर प्रोग्रॅम कितीही वात्रट किंवा विध्वंसक असो, व्हायरस नव्हे. फाइली पुसल्या जातात का, पडद्यावर काय दिसते, लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांची उत्तरे मिळाल्याने तो व्हायरस आहे की नाही हे ठरत नाही. थट्टेचा प्रोग्रॅम पडद्यावरची अक्षरे वितळवतो, माउसचा बाण पळवतो, हार्ड डिस्क फॉरमॅट होत असल्याचा देखावा करतो आणि बंद केला की संपतो. दुसऱ्या मशिनवर जायचे तर त्याला कोणीतरी कॉपी करून न्यावे लागते.

रोजच्या बोलण्यात हा भेद उरलेला नाही. मशिन मंदावले, पडदा विचित्र दिसला, जाहिराती यायला लागल्या, की ‘व्हायरस आलाय’ असे म्हणून लोक मोकळे होतात. उलट बाजूने, खराखुरा व्हायरस पडद्यावर उड्या मारणारा चेंडू दाखवत असेल तर ‘कोणीतरी गंमत केलीय’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पहिल्या चुकीत निष्कारण हार्ड डिस्क फॉरमॅट होऊन वर्षांचे काम जाते. दुसरी चूक त्याहून वाईट, कारण लागण तोवर शेजारच्या दहा मशिनवर पोचलेली असते.

हा भेद नेमका दाखवणारे एक उदाहरण भारतातलेच आहे. जून १९९० मध्ये भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या एका व्हायरसला ‘जोशी’ हे नाव मिळाले. ५ जानेवारीला तो मशिन अडवून धरी आणि पडद्यावर इंग्रजीत फर्मावी: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. शुभेच्छा टाइप केली की मशिन सुटे. वर्षातले बाकीचे दिवस त्याचे अस्तित्व जाणवतही नसे. नुसते हे वर्णन ऐकले तर कोणीही ही मित्राच्या वाढदिवसाची खोडी आहे असेच म्हणेल.

पण ते बाकीचे दिवस तो काय करत होता, तिथे खरी मेख आहे. त्या काळातला पीसी सुरू केला की आधी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये डिस्क आहे का ते पाही. असली तर तिचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत उचलून त्यातल्या सूचना निमूट पाळी. संध्याकाळी घाईत फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिलेली असे. सकाळी मशिन सुरू झाले की ‘ही सिस्टिम डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. माणूस फ्लॉपी काढून एखादी कळ दाबी आणि कामाला लागे. तेवढ्या वेळात लागण होऊन गेलेली असे. जोशी मेमरीत आपली जागा धरी, हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलाच्या सेक्टरमध्ये स्वतःला लिही, आणि त्यानंतर त्या मशिनमध्ये जी फ्लॉपी वापरली जाई तिच्यावर उतरे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशिन पुन्हा सुरू केले तरी तो मेमरीतून हलत नसे. वीज पूर्ण बंद करून, खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात करणे हाच उपाय होता. त्या वर्षांत भारताबाहेरही तो भरपूर पसरला. तिकडे ज्यांचे मशिन अडले त्यांचा कोणा जोशींशी दुरूनही संबंध नव्हता.

त्याच काळात फ्लॉपीवरून हातोहात फिरणारा आणखी एक प्रोग्रॅम शेजारी ठेवून पाहावा. त्याचे नाव ‘ड्रेन’. तो चालवला की पडद्यावर गंभीर सूचना येई: डिस्क ड्राइव्हमध्ये पाणी आढळले आहे. मग पीसीच्या स्पीकरमधून पाणी वाहून जाण्याचा गुळगुळ आवाज, त्यानंतर कपडे धुण्याच्या यंत्रासारखा ड्राइव्ह फिरवून सुकवल्याचा आवाज, आणि शेवटी सगळे ठीक झाल्याचा निर्वाळा. नवख्या माणसाच्या तोंडचे पाणी पळे. प्रोग्रॅम संपला की डॉस या त्या काळच्या पीसीच्या प्रणालीचा नेहमीचा प्रॉम्प्ट हजर. डिस्कवरचा एकही बाइट बदललेला नसे. भीतीच्या मापाने ड्रेन जोशीच्या कितीतरी पुढे होता, तरीही व्हायरस जोशी होता आणि ड्रेन नव्हता.

या कसोटीला शास्त्रीय रूप अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात मिळाले. ३ नोव्हेंबर १९८३ रोजी फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याला सुरक्षाविषयक साप्ताहिक चर्चासत्रासाठी एका प्रयोगाची कल्पना सुचली. आठ तासांच्या कामात युनिक्स चालवणाऱ्या व्हॅक्स ११/७५० मशिनवर प्रोग्रॅम तयार झाला, आणि १० नोव्हेंबरला चर्चासत्रात त्याचे प्रात्यक्षिक झाले. त्याला ‘व्हायरस’ म्हणावे ही सूचना त्याचे शिक्षक लेन एडलमन यांची; आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या नावातला ‘ए’ तो त्यांचाच. कोहेनने फाइलींची रचना चित्ररूपात दाखवणाऱ्या एका उपयोगी प्रोग्रॅमच्या आरंभी व्हायरस जोडला आणि तो इतरांना वापरायला दिला. पाच प्रयोग झाले. पाचही वेळा व्हायरसला संपूर्ण सिस्टिमचे अधिकार मिळाले, सरासरी अर्ध्या तासात, आणि एकदा तर पाच मिनिटांच्या आत. एका फाइलला लागण व्हायला अर्धा सेकंदही लागत नव्हता, म्हणून वापरणाऱ्यांना काही जाणवले नाही. निष्कर्ष कळल्यावर व्यवस्थापनाने पुढचे प्रयोग बंद करायला लावले.

कोहेनने १९८४ च्या निबंधात केलेल्या व्याख्येचा मथितार्थ असा: जो प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅममध्ये बदल करून त्यांत स्वतःची, कदाचित थोडी बदललेली, प्रत घालतो तो व्हायरस. या व्याख्येत नुकसानीचा उल्लेख नाही, आणि तो जाणूनबुजून टाळलेला आहे. त्याच निबंधात त्याने एका उपकारक व्हायरसची कल्पनाही मांडली होती. असा व्हायरस वापरणाऱ्याची परवानगी घेऊन प्रोग्रॅममध्ये शिरेल आणि तो प्रोग्रॅम दाबून लहान करेल, म्हणजे डिस्कवरची जागा वाचेल. हेतू चांगला, परिणाम चांगला, तरीही व्याख्येने तो व्हायरसच. यामागची दृष्टी आजही टिकून आहे: नुकसान ही वेगळी जोडता येणारी गोष्ट आहे. तिला या क्षेत्रात पेलोड म्हणतात. पेलोड रिकामा असू शकतो, गमतीचा असू शकतो, डिस्क पुसणारा असू शकतो. व्हायरसपण त्याच्यावर अवलंबून नाही.

या व्याख्येला कडा सुटलेल्याही आहेत. डॉसचा ‘डिस्ककॉपी’ हा आदेश संपूर्ण फ्लॉपीची नक्कल करतो. त्या फ्लॉपीवर डिस्ककॉपी स्वतः असेल तर त्याने स्वतःचीही प्रत काढली, आणि ती प्रत चालवली तर ती पुढची काढेल. मग तो व्हायरस का नाही? कारण तो सांगितल्याशिवाय काही करत नाही आणि जे करतो ते त्याच्या नावातच आहे. म्हणून व्यवहारात संशोधकांनी आणखी एक अट धरली: प्रत काढणे हे वापरणाऱ्याच्या नकळत, दुसऱ्याच कामाच्या आडून घडले पाहिजे. दुसरी अडचण ‘सोबती’ व्हायरसांची. डॉसमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असल्या, एक सीओएम आणि दुसरी ईएक्सई, तर आधी सीओएम चालते. हे हेरून काही व्हायरस ईएक्सई फाइलला हात न लावता तिच्या नावाची सीओएम फाइल शेजारी ठेवत. फाइलीत बदल नाही, पण लागण आहेच. प्रयोगशाळांनी यांनाही व्हायरसच मानले, आणि ते योग्यच झाले.

खोडीचा व्हायरस कोणत्या क्षणी होतो, हे १९८२ मधल्या एका घटनेत स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळच्या शाळेतला पंधरा वर्षांचा रिच स्क्रेंटा मित्रांना ॲपल टू वरच्या खेळांच्या फ्लॉपी देत असे, आणि त्यांत आधीच फेरफार करून ठेवी. खेळ ऐन रंगात आला की बंद पडे किंवा पडद्यावर टोमणा उमटे. काही दिवसांत मित्र शहाणे झाले आणि त्याला आपल्या फ्लॉपीला हात लावू देईनात. इथपर्यंतचे सारे थट्टेचे प्रोग्रॅमच होते: प्रत्येक खोडीसाठी त्याचा हात त्या फ्लॉपीपर्यंत पोचावा लागे. मग त्याने ‘एल्क क्लोनर’ लिहिला. लागण झालेल्या फ्लॉपीवरून मशिन सुरू झाले की तो मेमरीत बसे, आणि पुढे घातलेल्या स्वच्छ फ्लॉपीवर स्वतःला लिही. पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक छोटी कविता येई. आता त्याला कोणाच्या फ्लॉपीला हात लावायची गरज उरली नाही. खोडकर मुलगा तोच, मित्र तेच, विनोदही त्याच जातीचा. बदलली ती एकच गोष्ट, आणि तिच्यामुळे लेखकाचा आपल्या विनोदावरचा ताबा कायमचा सुटला. नेहमीच्या धाटणीची रचना नसलेल्या काही डिस्कवर हा प्रोग्रॅम राखीव ट्रॅकवरचा मजकूर पुसून टाकी. ते स्क्रेंटाला अभिप्रेत नव्हते, पण ज्याची डिस्क गेली त्याला त्याचा उपयोग नव्हता.

त्याआधीच्या दोन गोष्टी या सीमेच्या दोन बाजूंना पडतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत मल्टिक्स प्रणालीवर ‘कुकी मॉन्स्टर’ फिरत होता. तो टर्मिनलवर बिस्किट मागे, आणि ‘कुकी’ असे टाइप केले की गप्प बसे. मागणीची पद्धत हुबेहूब जोशीसारखी; पण तो माणसांनी इतरांवर सोडलेला प्रोग्रॅम होता, स्वतः पसरत नव्हता. दुसरी गोष्ट युनिव्हॅक मशिनवरची. जॉन वॉकर यांनी ‘ॲनिमल’ हा मनातला प्राणी ओळखण्याचा खेळ लिहिला होता. लोक त्याची टेप मागत, आणि टेपा पाठवून ते कंटाळले. १९७५ मध्ये त्यांनी खेळाला ‘पर्व्हेड’ नावाचा भाग जोडला. माणूस प्राण्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देत असताना तो भाग त्याला खुल्या असलेल्या प्रत्येक डिरेक्टरीत खेळाची ताजी प्रत ठेवी. एका मशिनवरून टेपांमार्फत तो दुसरीकडे पोचला आणि पसरला. हे वॉकर पुढे ऑटोडेस्क कंपनीचे एक संस्थापक झाले. पर्व्हेड कोणत्याही फाइलला धक्का लावत नसे, आपली जुनी प्रत असली तरच ती बदली. इतक्या काळजीने लिहिलेला स्वतः पसरणारा प्रोग्रॅम क्वचितच सापडतो. पण अशी काळजी घेतली म्हणून वर्ग बदलत नाही; संगणकांचा इतिहास लिहिणारे त्याला व्हायरसांच्या पूर्वजांत बसवतात, आणि ते बरोबर आहे.

‘आमचा व्हायरस निरुपद्रवी आहे’ हा दावा लेखकांनी वारंवार केला. तो का टिकत नाही, हे १९८७ मध्ये न्यूझीलंडमध्ये निघालेल्या ‘स्टोन्ड’ या व्हायरसात अगदी आकड्यांनिशी दाखवता येते. साधारण आठातून एकदा, मशिन सुरू होताना, ‘तुमचा पीसी नशेत आहे’ अशा अर्थाचे वाक्य तो दाखवी. बस्स, एवढाच पेलोड. फ्लॉपीवर उतरताना मूळ बूट सेक्टर कुठेतरी जपून ठेवणे त्याला भाग होते, नाहीतर डिस्क वाचलीच गेली नसती. त्यासाठी त्याने पहिल्या ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूचा तिसरा सेक्टर निवडला. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ही जागा मुख्य डिरेक्टरीचा अगदी शेवटचा सेक्टर असते. त्या डिरेक्टरीत ११२ नोंदी मावतात, एका सेक्टरमध्ये १६. म्हणजे ९६ पेक्षा जास्त फाइली असल्या तरच नुकसान, आणि इतक्या फाइली एका फ्लॉपीवर सहसा नसतात. लेखकाने विचार केलेला दिसतो. पण तोवर १.२ एमबीच्या फ्लॉपी आल्या होत्या. त्यांच्या एका ट्रॅकवर नऊच्या जागी पंधरा सेक्टर. फाइलींचा हिशेब ठेवणारा तक्ताही मोठा. त्यामुळे तीच निवडलेली जागा तिथे मुख्य डिरेक्टरीचा तिसरा सेक्टर ठरते. अशा फ्लॉपीवर ३२ पेक्षा जास्त फाइली असल्या की तेहतिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंतच्या नोंदी पुसल्या जात. फाइली डिस्कवर असत, पण त्या कुठे आहेत हे सांगणारी ओळच नाहीशी झालेली असे.

अशी उदाहरणे हवी तेवढी आहेत. इटलीतल्या तुरिन विद्यापीठात १९८८ मध्ये सापडलेला ‘पिंग-पाँग’ पडद्यावर एक चेंडू उडवत असे, बाकी काही नाही. पण त्यात वापरलेली एक सूचना ८०८८ प्रोसेसरला कळे आणि ८०२८६ ला कळत नसे. नव्या मशिनवर चेंडू दिसण्याऐवजी मशिनच गोठे. ‘कॅस्केड’मध्ये पडद्यावरची अक्षरे पाचोळ्यासारखी खाली गळून ढीग होत. दिसायला तो सुंदर होता, असे त्या काळी अनेकांनी म्हटले आहे. पण आयबीएमच्या बेल्जियममधल्या कार्यालयात त्याची लागण झाली आणि कंपनीला या विषयाकडे गंभीरपणे पाहावे लागले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९८७ मध्ये सापडलेल्या व्हायरसला ईएक्सई फाइलला आधी लागण झाली आहे की नाही हेच नीट ओळखता येत नव्हते. तो त्याच फाइलला पुन्हा पुन्हा लागे, आणि प्रत्येक वेळी फाइल सुमारे १८०० बाइटने फुगे, ती मेमरीत मावेनाशी होईपर्यंत. शुक्रवार आणि तेरा तारीख जुळली की तो चालवलेले प्रोग्रॅम पुसे, तो भाग वेगळाच.

लेखकाने ज्या मशिनवर प्रोग्रॅम लिहिला ते मशिन त्याला ठाऊक असते. ज्या हजारो मशिनवर तो जाणार ती ठाऊक नसतात, आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करायला परत बोलावताही येत नाही. थट्टेच्या प्रोग्रॅमातही चुका असतात. फरक असा की तिथे चूक एका मशिनवर घडते आणि तिथेच संपते.

फाइलीला न चिकटता, नेटवर्कवरून स्वतंत्रपणे पसरणाऱ्या प्रोग्रॅमला वर्म म्हणतात. तिथेही तीच सीमा आहे. डिसेंबर १९८७ मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्टाल विद्यापीठातून ‘ख्रिसमस’ नावाची एक छोटी फाइल निघाली. ती चालवली की पडद्यावर अक्षरांनी काढलेला नाताळचा वृक्ष येई. तेवढ्यात ती त्या माणसाच्या पत्त्यांची यादी वाचून सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवी. ती चालवायला माणसाचा हात लागे, म्हणून तिला साखळीपत्र म्हणणारेही आहेत. विद्यापीठांच्या नेटवर्कवरून ती आयबीएमच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरली आणि प्रतींच्या ओझ्याने ते तुंबले. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या वर्मने इंटरनेटवरची हजारो मशिन ठप्प केली. त्यात फाइल पुसणारी एक ओळही नव्हती. एका मशिनवर एकच प्रत असावी म्हणून ठेवलेल्या तपासणीला चुकवून दर सातातून एकदा नवी प्रत ठेवायचीच, असा त्यात नियम होता. तो प्रसाराच्या वेगाच्या मानाने फारच उदार ठरला, आणि मशिन प्रतींखाली दबली. मॉरिसला तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून थोडा अधिक दंड झाला.

आता उलट टोक: विध्वंसक, पण व्हायरस नव्हे. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने अनेक देशांत पाठवल्या गेल्या. त्यांवर एड्सविषयी माहिती आणि धोका मोजणारी प्रश्नावली होती. त्या प्रोग्रॅमने मशिन किती वेळा सुरू झाले हे मोजायला सुरुवात केली, आणि सुमारे नव्वदाव्या वेळी हार्ड डिस्कवरच्या फाइलींची नावे सांकेतिक करून टाकली. मग पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवायची मागणी. लोकांचे संशोधन यात गेले. पण हा प्रोग्रॅम एका मशिनवरून दुसऱ्यावर गेला नाही. प्रत्येक बळीला वेगळे पाकीट पाठवावे लागले. उपयोगी असल्याचे भासवून आत घेतल्या जाणाऱ्या अशा प्रोग्रॅमला ट्रोजन म्हणतात. ट्रोजन आणि थट्टेचा प्रोग्रॅम यांची बांधणी एकच आहे: दोघेही खोटे रूप घेतात, दोघेही पसरत नाहीत. त्यांना वेगळे करतो तो शेवटी झालेला परिणाम. म्हणून कोणत्याही संशयित प्रोग्रॅमला दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. तो स्वतःहून पसरतो का? आणि तो इजा करतो का? एकाचे उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही.

एक प्रकार असा की ज्यात प्रोग्रॅमच नसतो. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरली. तुमच्या विंडोजमध्ये अस्वलाच्या चित्राची एक फाइल असेल तर तो व्हायरस आहे, ती लगेच पुसा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा, असा तिचा मजकूर. लोकांनी शोधले, अस्वल खरेच सापडले, आणि त्यांनी फाइल पुसून ईमेल पुढे पाठवली. ती फाइल विंडोजचाच भाग होती, जावा प्रोग्रॅम तपासण्याचे एक साधन. इथे प्रत काढण्याचे कामही माणसाने केले आणि नुकसानही माणसानेच केले.

अशा घबराटीला १९९२ मध्ये मोठे खतपाणी मिळाले होते. ‘मायकेलॅन्जेलो’ हा स्टोन्डवरूनच बेतलेला व्हायरस ६ मार्चला हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग खोडून टाकणार होता. पन्नास लाख मशिनपर्यंत फटका बसेल, असे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. प्रत्यक्षात बळी काही हजारांत होते. पण भारतातल्या दुरुस्तीच्या दुकानांत त्या वर्षांतली लागण खोटी नव्हती. एकाच कार्यालयाच्या फ्लॉपी पाच टेबलांवर फिरत, आणि दुरुस्त करून दिलेले मशिन आठवड्यात परत येई. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि प्रोग्रॅम लिहिणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांचा ‘क्विक हील’ अशाच गरजेतून १९९५ मध्ये बाजारात आला.

संशयित फाइल व्हायरस आहे हे प्रयोगशाळा कसे ठरवते? नुसता कोड वाचून नेहमी जमत नाही. कोहेननेच सिद्ध केले की कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगेल असा प्रोग्रॅम लिहिणेच अशक्य आहे. तसा लिहिला, तर एखादा व्हायरस त्यालाच विचारेल, आणि ‘व्हायरस आहे’ असे उत्तर आले की पसरणार नाही, ‘नाही’ आले की पसरेल. दोन्हीकडून उत्तर चुकते. त्यामुळे प्रयोग करून पाहतात. वेगळ्या ठेवलेल्या मशिनवर आमिष म्हणून साध्या, आतला प्रत्येक बाइट माहीत असलेल्या फाइली ठेवतात आणि नमुना चालवतात. आमिषात बदल झाला तर ती बदललेली फाइल दुसऱ्या स्वच्छ मशिनवर नेऊन पुन्हा चालवतात. तिथल्या आमिषालाही लागण झाली तरच शिक्कामोर्तब. विरजणाच्या कवडीने लागलेल्या दह्यातून पुन्हा विरजण घेता आले पाहिजे, तसे हे आहे. मशिन सुरू होताच चालावे म्हणून स्टार्टअप फोल्डरमध्ये स्वतःची एक प्रत टाकून ठेवणारा थट्टेचा प्रोग्रॅम या कसोटीवर गळतो, कारण ती प्रत पुढे काहीच लावत नाही. ज्यांच्या लेखकाला व्हायरस लिहायचा होता, पण चुकीमुळे जे दुसऱ्या पिढीपर्यंत पोचतच नाहीत, अशा अर्धवट प्रोग्रॅमसाठी संशोधकांनी वेगळा कप्पा केला आहे. त्यांना व्हायरसांच्या मोजणीत धरत नाहीत.

मग अँटिव्हायरस थट्टेचे प्रोग्रॅम का पकडतो, हा प्रश्न उरतो. पकडतो, आणि नावापुढे ‘जोक’ असे लावून ते व्हायरस नसल्याचेही सांगतो. कारण व्यवहाराचे आहे. मशिन कोलमडल्याचा खोटा निळा पडदा पाहून बँकेतल्या कर्मचाऱ्याने मशिनची वीज खेचली तर अर्धवट राहिलेली नोंद जाते, आणि फॉरमॅटचा देखावा पाहून कोणी खरोखरच फॉरमॅट करून घेतो. अँटिव्हायरसने लाल सूचना दिली म्हणजे व्हायरस सापडला असे मात्र होत नाही. आयकार या युरोपीय संस्थेने ठरवलेली ६८ अक्षरांची एक चाचणी-फाइल जगातले बहुतेक अँटिव्हायरस पकडतात. चालवली तर ती फक्त एक ओळ छापते. पहारेकरी जागा आहे का, एवढे तपासण्यासाठीच ती आहे. सूचनेत पुढे कोणते नाव दिले आहे ते वाचणे म्हणूनच महत्त्वाचे.

हल्ली मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले’ असा भडक पडदा येतो, भोंगा वाजतो, आणि खाली एक फोन नंबर असतो. तांत्रिकदृष्ट्या तो ड्रेनचा वंशज आहे. वेबपेज असल्या पडद्यातून फोन तपासूच शकत नाही. ते चित्र आहे. टॅब बंद केला की ते जाते, आणि टॅब बंद होत नसेल तर ब्राउझर सक्तीने बंद करता येतो. धोका सुरू होतो तो नंबर फिरवल्यावर, कारण पलीकडचा माणूस मशिनचा ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायला सांगतो. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होत जाते.

भारतीय कायद्याने या वर्गवारीत वेगळी वाट घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये कॉम्प्युटर व्हायरसची व्याख्या आहे. तिच्यात दोन पर्याय आहेत: कॉम्प्युटरचे नुकसान करणारी किंवा त्याची कार्यक्षमता घटवणारी सूचना वा प्रोग्रॅम, किंवा दुसऱ्या साधनाला स्वतःला जोडून घेऊन एखादी घटना घडताच चालणारा. दोन्हींपैकी एक पुरेसा. म्हणजे एड्सच्या फ्लॉपीसारखा ट्रोजन, जो कोहेनच्या व्याख्येत बसत नाही, तो इथे व्हायरस ठरतो, आणि मशिन मंद करणारा थट्टेचा प्रोग्रॅमही ठरू शकतो. शेजारीच ‘कंटॅमिनंट’ या शब्दाची व्याख्या आहे. मशिनच्या नेहमीच्या कामकाजावर कोणत्याही मार्गाने कब्जा करणाऱ्या सूचनाही तिच्यात येतात. ५ जानेवारीला मशिन अडवणारा जोशी यात सहज बसतो. शास्त्राच्या दृष्टीने ही व्याख्या सैल आहे, पण ज्याचे काम बुडाले त्याला प्रत काढली गेली की नाही याच्याशी कर्तव्य नसते, आणि कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. कलम ४३ ची मुख्य अट परवानगीची आहे: मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या संमतीविना असे काही मशिनमध्ये घातले तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ लागू होते, आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वतःच्या मशिनवर कोणी ड्रेन चालवून पाहिला, तर त्याला यातले एकही कलम लागत नाही.